पाकिटावरच्या चार ओळी

अकोल्याच्या किंवा नागपूरच्या मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन कोणी आमच्या मंगरूळपीरच्या दुकानात आले, की गोळ्यांच्या कागदी पाकिटावर मी चार ओळी लिहून देत असे. ‘एकदम बंद करू नये. दुसरे कोणतेही औषध विचारल्याशिवाय घेऊ नये. पहिले काही आठवडे घरच्यांनी जवळ राहावे. गोळ्या जाणत्या माणसाच्या ताब्यात ठेवाव्या.’ अक्षर माझे बरे आहे, त्यामुळे लोक ती पाकिटे जपून ठेवीत. एका आजीने तर ते देव्हाऱ्यात पोथीशेजारी ठेवले होते. आता दुकान मुलाकडे आहे, आणि रिकामपणी या चार ओळींचे मूळ शोधण्याचा नाद मला लागला आहे. नाद लागण्याचे कारण मात्र अभिमानाने सांगावे असे नाही.

2006 सालची गोष्ट. मृग लागला होता. आमच्या पलीकडच्या खेड्यातला एक शेतकरी, माझ्याच वयाचा, आठ महिने पॅरोक्सेटीनच्या गोळ्या नेत होता. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला बायको हाताला धरून घेऊन आली होती. हा माणूस दुकानाच्या पायरीवर बसून समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिला होता. आता तो स्वतः मोटारसायकलवर आला, हसला, बियाण्याचे भाव सांगितले, आणि म्हणाला, “भाऊ, आता मले एकदम बरं वाटते. ह्या गोया चालूच ठेवू काय?” दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, “बरं वाटते तं कायले खातं?” एवढेच बोललो. पैसे वाचले म्हणून तोही खूष झाला.

पाचव्या दिवशी त्याची बायको आली. त्याला गरगरत होते, मळमळत होते, मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होत होते, रात्री भलभलती स्वप्ने पडत होती, आणि तो लेकरांवर ओरडत होता. पेरणी अर्धी टाकून तो खाटेवर पडला होता. मी अकोल्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी गोळी पुन्हा सुरू करायला सांगितले आणि मग मला जे सांगायचे ते सांगितले. ते येथे लिहीत नाही. पण त्यातला एकही शब्द वावगा नव्हता. शेतकरी आठवड्याभरात उठला. पेरणी मात्र साधली नाही. दुबार पेरावे लागले. चिठ्ठी डॉक्टरची, गोळी कंपनीची, पण पेरणी बुडाली ती माझ्या एका वाक्याने. ज्या वस्तू मी वीस वर्षे मोजून देत होतो, त्यांच्याविषयी मला किंमत आणि मुदत यांपलीकडे काही ठाऊक नाही, हे त्या दिवशी उमगले.

खिन्नता हा रोग आपल्याला नवा नाही. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत चरकाने विषादाला अग्रस्थान दिले आहे. वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म म्हणून गाजलेल्या आमच्या वाशिमात त्या शास्त्राचे जाणकार वैद्य नसतील असे कसे म्हणावे? पण खिन्नतेवर नेमके चालणारे असे औषध जगात 1950 पूर्वी कोणाजवळच नव्हते. शिवाय ते सापडले तेही उलट्या वाटेने. प्रथम मनुष्याला खिन्न करणारे औषध सापडले, आणि ते आपल्याच रानातले होते.

सर्पगंधेची मुळी. वेडाच्या लहरीवर आणि झोपेसाठी ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर आधुनिक पद्धतीने लिहिले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या रोग्यांवरचे तिचे गुण प्रसिद्ध केले, आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातून रेसर्पीन वेगळे केले. रक्तदाब उतरू लागला. पण 1954 मध्ये फ्रीस नावाच्या अमेरिकन डॉक्टराने लिहिले, की मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रेसर्पीन घेणारे काही रोगी गाढ खिन्नतेत बुडतात. पुढल्या वर्षी ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की रेसर्पीन शरीरातला सेरोटोनिन नावाचा पदार्थ रिता करते. रेसर्पीनने खरोखर किती जणांना खिन्नता आली याविषयी पुढच्या चिकित्सकांनी पुष्कळ शंका घेतल्या आहेत, आणि ‘सेरोटोनिन कमी म्हणून माणूस उदास’ हे सोपे सूत्र आज कोणी जाणता डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाही. परंतु त्या वेळी या मुळीने संशोधकांना एक दिशा दाखवली, एवढे खरे.

उतारा सापडला तो क्षयरोग्यांच्या वॉर्डात. न्यूयॉर्कजवळ स्टेटन बेटावर सी व्ह्यू नावाचे क्षयरुग्णालय होते. तेथे 1951-52 मध्ये आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड ही दोन भावंडे तपासली गेली. मरणाची वाट पाहत पडलेली माणसे उठून बसली, जेवू लागली, ओसरीत नाचू लागली. त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. क्षय हटतो आहे म्हणून आनंद, असे पहिल्यांदा वाटले. पण इप्रोनियाझिडवाल्यांचा उल्हास काही निराळाच होता. त्याच वर्षी झेलर यांनी दाखवले, की हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेझ या पाचकद्रव्याला अडवते. 1957 मध्ये नेथन क्लाइन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ते खिन्न रोग्यांना देऊन पाहिले आणि गुण जाहीर केला. गंमत अशी, की हेच क्लाइन तीन वर्षांपूर्वी सर्पगंधेचा गुण मनोरुग्णांवर दाखवून प्रसिद्ध झाले होते. 1957 चे लास्कर पारितोषिक ज्या मंडळींत वाटले गेले, त्यांत क्लाइन होते आणि आपले डॉ. वकीलही होते.

पुढे घाई झाली. एका वर्षात लाखो रोग्यांना इप्रोनियाझिड दिले गेले, आणि मग काविळीच्या बातम्या येऊ लागल्या. काही रोगी यकृत निकामी होऊन दगावले. 1961 मध्ये अमेरिकेत ते बाजारातून गेले. पण त्याच जातीची दुसरी औषधे आली, आणि त्यांच्यासंबंधी जे उघडकीस आले ती हकिकत मला या साऱ्या इतिहासात सर्वांत प्रिय आहे. कारण तिचा नायक माझा व्यवसायबंधू आहे.

इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे रो नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांची पत्नी ट्रॅनिलसिप्रोमिन हे औषध घेत होती. तिला दोनदा अकस्मात डोके फुटण्याची पाळी आली. छातीत धडधड, मानेत ठणका. रो यांनी दोन्ही दिवसांचे जेवण आठवून पाहिले. दोन्ही वेळा तिने चीज खाल्ले होते. लोणी आणि दूध यांनी मात्र तसे काही झाले नव्हते. त्याच सुमारास लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयातील बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टराने या औषधाच्या त्रासाविषयी ‘लॅन्सेट’मध्ये एक पत्र लिहिले होते. ते वाचून रो यांनी त्याला लिहिले, की याचा संबंध चीजशी असू शकेल काय? सहकाऱ्यांना हा विनोद वाटला. खुद्द ब्लॅकवेलचाही विश्वास बसेना. त्याने स्वतः ते औषध घेऊन चीज खाल्ले, तर काहीच झाले नाही. पण मग रोग्यांची एकेक हकिकत जुळत गेली, आणि 1963 मध्ये त्याने ‘लॅन्सेट’मध्ये ही गोष्ट मांडली. जुनवलेल्या चीजमध्ये टायरामीन असते. एरवी आतड्याच्या देवडीवर मोनोअमाइन ऑक्सिडेझ हा पहारेकरी उभा असतो आणि टायरामीनला आत शिरू देत नाही. या गोळीने पहारेकऱ्यालाच झोपवलेले. मग टायरामीन थेट रक्तात जाते आणि रक्तदाब असा चढतो, की मेंदूतली शीर फुटावी. 1964 मध्ये ट्रॅनिलसिप्रोमिन अमेरिकेत काही महिने बंद झाले आणि पथ्याची सूचना घेऊनच परत आले.

या कथेत मला रो यांचे कौतुक यासाठी वाटते, की त्यांनी डॉक्टरकी केली नाही. दोन दिवसांची ताटे आठवली आणि एक प्रश्न विचारला. मी गर्दीत उत्तर देऊन मोकळा झालो होतो. आपल्याकडे त्या जातीच्या गोळ्या आता क्वचितच लिहिल्या जातात. ताज्या पनीरमध्ये टायरामीन नगण्य असते. परंतु चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस आता मंगरूळपीरच्या चौकातही मिळतो, आणि सोयाबीन तर आमच्या जिल्ह्याचे मुख्य पीक. आंबवलेल्या सोयाबीनमध्ये तेच टायरामीन! तेव्हा ही जात कोणाला लिहिली गेलीच, तर पथ्याचा कागद मागून घ्यावा.

दुसरी जात त्याच 1957 सालची. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलंड कून यांनी गायगी कंपनीचे एक द्रव्य वापरून पाहिले. ते भ्रमिष्टांना उपयोगी पडले नाही, पण गाढ खिन्नतेतले रोगी दोन-तीन आठवड्यांत बोलू लागले. ते इमिप्रामीन. झुरिचच्या जागतिक परिषदेत कून यांनी निबंध वाचला तेव्हा श्रोते जेमतेम डझनभर होते. कून यांची कीर्ती पुढे वाढली, आणि 2019 मध्ये एका चौकशीग्रंथातून हेही बाहेर आले, की त्या रुग्णालयात अनेक द्रव्यांचे प्रयोग रोग्यांची रीतसर संमती न घेताच झाले. औषध खरे आणि रीत खोटी, असे इतिहासात बऱ्याचदा घडते.

या कुळाची एक शाखा मराठी मातीत रुजली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईत गोरेगावला सीबाचे संशोधन केंद्र होते. 1963 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे उद्‌घाटन केले आणि मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ गोविंदाचारी त्याचे संचालक झाले. तेथे नायट्रॉक्साझेपीन हे द्रव्य तयार झाले आणि 1982 मध्ये ‘सिंटामिल’ या नावाने बाजारात आले. ज्या सीबाने आपल्या मुळीतून रेसर्पीन काढले, तिच्याच गोरेगावच्या घरात त्याच्या उलट गुणाचे औषध जन्मले! माझ्या दुकानाच्या आरंभीच्या काळात ती पट्टी मी विकली आहे. त्या वेळी हे ठाऊक असते, तर जरा मानाने दिली असती.

या कुळाच्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, शौचास घट्ट होते, लघवी अडते. काचबिंदूवाल्याला आणि पौरुषग्रंथी वाढलेल्या म्हाताऱ्याला त्या जपून द्याव्या लागतात. उठताना एकदम चक्कर येते, म्हणून आधी खाटेच्या कडेवर बसावे आणि मग उभे राहावे. ही माहिती पुस्तकात असते. पुस्तकात ठळक नसते ती आमच्या भागाची गोष्ट : या गोळ्या घामही कमी करतात. मे महिन्यात पारा 44 वर असताना ज्याचा घाम अडला तो माणूस उन्हात नांगरटीमागे चालत असेल, तर उष्माघाताला निमंत्रणच. उन्हाळ्यात मी चार ओळींखाली पाचवी लिहीत असे : ‘भर उन्हात काम करू नये, पाणी पीत राहावे.’ तसेच सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत गुंगी येणारी गोळी सुरू झालेल्या माणसाने मळणीयंत्राच्या तोंडाशी उभे राहू नये, हे मी तोंडी सांगे. यंत्रात हात गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांतल्या कोणाच्या डोळ्यांवर झोप होती, हे कोणी विचारले नाही.

या जुन्या कुळाचा खरा धोका मात्र मात्रेचा. नेमून दिलेली गोळी प्राण वाचवते. तीच एकदम पुष्कळ पोटात गेली तर हृदयाची लय बिघडून प्राण घेते. ज्या रोगात मरणाचे विचार येतात त्याच रोगावरचे औषध असे असावे, ही फार अवघड जागा आहे. म्हणून जाणते डॉक्टर आरंभी थोड्याच दिवसांच्या गोळ्या लिहितात, आणि म्हणून माझी चौथी ओळ. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचे औषध असतेच. तेही त्या दिवसांत कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावे, हे सांगताना मला पूर्वी संकोच वाटे. आता वाटत नाही. वाशिम 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांच्या यादीत कायमचे बसले. 2015 मध्ये शासनाने चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यांत आमचा जिल्हा होता. आशाताई घरोघर जाऊन झोप लागते काय, जेवण जाते काय, हे विचारू लागल्या. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस खेड्यांत असेच एक काम झाले. ते सुरू होण्यापूर्वी खिन्नतेने ग्रासलेल्या शंभरांतले जेमतेम चार उपचारापर्यंत पोचत, नंतर सत्तावीस. म्हणजे तरी त्र्याहत्तर उरलेच.

नव्या गोळ्यांचे युग अमेरिकेत 1987 च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या फ्लुओक्सेटीनपासून धरतात. त्याच जातीचे झिमेलिडीन त्याआधी युरोपात आले होते; ते मज्जातंतूंच्या एका विकाराच्या धास्तीने 1983 मध्ये मागे घ्यावे लागले. नव्या गोळ्या मात्रा चुकली तरी जुन्यांइतक्या घातक नाहीत, म्हणून त्या गावोगाव पोचल्या. पण ‘सौम्य’ म्हटले, की आपण सैल होतो. वेदनाशामक गोळ्यांबरोबर त्या पोटात रक्तस्राव वाढवू शकतात, म्हाताऱ्यांच्या रक्तातले सोडियम उतरवू शकतात. सर्वांत वाईट म्हणजे सेरोटोनिन वाढवणाऱ्या दोन औषधांची गाठ पडली, तर ताप, थरथर, घालमेल, स्नायूंचे झटके आणि कधी मृत्यू.

याचा धडा एका मुलीच्या जिवावर शिकला गेला. 1984 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी तापाने रुग्णालयात दाखल झाली. ती फेनेल्झिन घेत होती, म्हणजे रो यांच्या पत्नीच्या औषधाच्या जातीचे. रात्री तिला पेथिडीनचे इंजेक्शन दिले गेले, आणि सकाळपर्यंत ती गेली. तिच्या पत्रकार वडिलांनी वर्षानुवर्षे लढा दिला. न्यूयॉर्क राज्याने शिकाऊ डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्याला 80 वर आणले, त्याचे मूळ या मृत्यूत आहे. ही हकिकत वाचताना माझ्यापुढे न्यूयॉर्क नव्हते. माझ्याच दुकानाचे फळीवजा टेबल होते. कंबर धरलेल्या शेतकऱ्याला ट्रॅमाडॉल, खोकल्याला डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे सिरप, आणि ‘डोक्याची गोळी चालू आहे काय?’ हा प्रश्न नाही! ट्रॅमाडॉल 2014 पासून कडक यादीत गेले, चिठ्ठीची नोंद ठेवावी लागते. खोकल्याच्या बाटलीचे मात्र अजून पूर्वीसारखेच चालते.

इतिहासाचे चक्र कधी कधी पुरे फिरते. खिन्नतेचे औषध क्षयाच्या वॉर्डात सापडले. आज औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर लिनेझोलिड देतात; 2024 मध्ये भारत सरकारने मंजूर केलेल्या सहामाही उपचारक्रमातल्या चार औषधांत ते आहे. आणि लिनेझोलिड मोनोअमाइन ऑक्सिडेझला थोडेफार अडवते! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्येच सांगितले, की खिन्नतेच्या नव्या गोळ्यांबरोबर ते जपून द्यावे. क्षयाचा रोगी उदास होतो, हे सांगायला पुस्तक लागत नाही. तेव्हा दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवणे, हे काम रोग्याचे आणि त्याहून आम्हा दुकानदारांचे. एक जात सोडून दुसरी सुरू करताना मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, फ्लुओक्सेटीन असेल तर पाच. तो हिशेब डॉक्टरच करोत.

तिसऱ्या ओळीविषयी. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पूर्वीच्या मनोविकारतज्ज्ञांनी एक गोष्ट हेरली होती : अंगातली मरगळ आधी जाते, मनातला अंधार मागून. या मधल्या दिवसांत ज्याला मरायचा विचार येत होता पण उठण्याची शक्ती नव्हती, त्याच्या अंगी शक्ती येते. 2004 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत मुलांच्या आणि किशोरांच्या बाबतीत या गोळ्यांवर काळ्या चौकटीतला इशारा छापण्याचे ठरले. 2007 मध्ये वयाची मर्यादा 24 पर्यंत नेली. काहींनी म्हटले, इशाऱ्याने लोक भ्याले आणि औषधच टाळू लागले. तो वाद मी सोडवू शकत नाही. मी इतकेच सांगत असे, की आरंभीचे आठवडे आणि मात्रा बदलल्यानंतरचे दिवस कोणीतरी जवळ झोपावे. माणूस अकस्मात बेचैन झाला किंवा अति उल्हासात येऊन बैल विकायला निघाला, तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवावे. कारण काहींच्या बाबतीत खिन्नतेची गोळी दुसऱ्या टोकाच्या उन्मादाला जागे करते.

आणि पहिली ओळ, माझी. गोळी एकदम सोडल्यावर होणारा त्रास इमिप्रामीनच्या काळापासून, 1959 पासून, नोंदलेला आहे. पॅरोक्सेटीन रक्तातून लौकर जाते म्हणून तिचा झटका मोठा; फ्लुओक्सेटीन रेंगाळत जाते म्हणून तिचा सौम्य. इंग्लंडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने मात्र 2019 पर्यंत हा त्रास बहुधा हलका असतो असे धरले होते. त्या वर्षी तिने मान्य केले, की काहींना तो तीव्र आणि दीर्घ होतो. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवून मग हळूहळू उतरवावी, हा सर्वसाधारण नियम. माझ्या गिऱ्हाइकाची गोळी डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्यात उतरवायला घेतली. पूर्ण, मग पाऊण, मग अर्धी, मग पाव. चार महिने लागले. दर खेपेला तो दुकानात येई आणि मी पाकिटावर तारीख लिही.

शेवटची पाव गोळी संपली त्या दिवशी तो जुने पाकीट घेऊन आला. तोपर्यंत मी चीजची गोष्ट त्याला इतक्यांदा सांगितली होती, की त्याला ती पाठ झाली होती. त्याची गोळी त्या जातीची नाही, हे मात्र त्याच्या ध्यानात राहिले नव्हते. “भाऊ,” तो म्हणाला, “आता लोणचं खाल्लं तं चालते काय?” मी म्हणालो, “तुले पयलेही चालत होतं.” तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मंग सांगतलं काहून नाही? दीड वर्ष झालं, घरात बरणी तशीच हाय.”